बारीक दिसणं वेगळं, चरबी कमी असणं वेगळं

मराठीत वजन वाढलं की 'तब्येत झाली' आणि कमी झालं की 'तब्येत उतरली'. म्हणजे तब्येत ठरवायची ती अंगाकडे बघून. वजन आणि चरबी यांचा घोळ इथूनच सुरू होतो.

वजनाबद्दल फार सांगायला नको. काट्यावर हाडं, स्नायू, पाणी, चरबी सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो. बीएमआय म्हणजे तोच आकडा उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गाने भागलेला. त्यालाही स्नायू कुठला आणि चरबी कुठली हे कळत नाही.

डोळ्याला तर त्याहून कमी कळतं. समोरच्याला आपण जोखतो ते गाल, मान, मनगट बघून. लिटरभर चरबी साधारण 900 ग्रॅम भरते, तेवढाच स्नायू 1,060 च्या आसपास, म्हणून तालमीतला पैलवान दिसतो त्याहून जड निघतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. नजरेतून सुटतो तो दुसरा: हातपाय काटकुळे आणि सैल शर्टाआड सुटलेलं पोट. त्याला 'कसा सडपातळ आहे बघा' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. बीएमआय दोघांचाही 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. भारतीयांतला हा फरक जन्मापासूनच दिसतो. याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याच्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ बीएमआय 25 ऐवजी 23 वर आहे, आणि कमरेची पुरुषांसाठी 90, बायकांसाठी 80 सेंटिमीटरवर.

कंबर विचारली की पॅन्टचा नंबर सांगू नका. पोट सुटलं की पॅन्ट त्याच्याखाली सरकते, नंबर वर्षानुवर्षं 34 च राहतो. सरळ उभं राहा. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कुल्ल्याच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, टेप आडवी धरा. ती कातडीत रुतू देऊ नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तेव्हाच आकडा वाचा. पोट आत ओढून घेतलेलं माप वहीत लिहू नका.