उत्तर नागपूरचे आरक्षण सोडतीने फिरत नाही

निवडणूक जवळ आली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘उत्तर नागपूर फार वर्षे राखीव राहिले, आता सोडतीत आरक्षण दुसऱ्या मतदारसंघात जाणार.’

असा समज होणे साहजिक आहे, कारण महापालिकेच्या प्रभागांसाठी सोडत निघते आणि ती आपण डोळ्यांनी पाहतो. विधानसभेला मात्र सोडतच नसते. तिथे आरक्षण परिसीमनाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या, आदेशात ठरते, आणि सध्याचा आदेश २००८ चा, २००१ च्या जनगणनेवर आधारलेला. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून द्यायच्या आणि शक्यतो जिथे त्यांचे लोकसंख्येतील प्रमाण तुलनेने जास्त तिथे, असा कायद्याचा निकष आहे. त्यानुसार नागपूर जिल्ह्याच्या १२ जागांपैकी उमरेड आणि नागपूर उत्तर या दोन राखीव झाल्या. नवे परिसीमन होईपर्यंत त्या तशाच राहतात. मध्ये किती निवडणुका झाल्या याने फरक पडत नाही.

पडताळणी सोपी आहे. आपल्या भागाची मतदार यादी उघडा. पहिल्याच पानावर, वरच्या बाजूला मतदारसंघाचा क्रमांक, नाव आणि आरक्षणाची स्थिती छापलेली असते: ‘५७ नागपूर उत्तर (अ.जा.)’. शेजारच्या ‘५५ नागपूर मध्य’पुढे ‘(अ.जा.)’ दिसणार नाही. गल्लत होते ती प्रभागाची यादी हातात घेतल्यामुळे. ती वेगळी असते, हे आधी बघा.

आणि हो, राखीव असते ती उमेदवारी. मत यादीतला प्रत्येक जण देतो, कोणत्याही समाजाचा असो.