माहितीच्या अर्जात कारण लिहावं लागत नाही

‘माहिती कशाला हवी ते लिहा, नाहीतर अर्ज घेणार नाही.’ सरकारी कार्यालयात हे सर्रास ऐकवलं जातं आणि लोक मुकाट्याने कारण लिहून देतात. माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ६(२) नुसार कारण विचारताच येत नाही. संपर्कापुरता तपशील पुरे. कारण दिलंत की वाद त्या कारणावरच रंगतो आणि कागद बाजूला राहतो.

अर्ज खरा फसतो तो प्रश्नामुळे. ‘रस्ता का उखडला?’ असं विचारू नका. अधिकाऱ्याने खुलासा करणं कायद्यात बसत नाही, उपलब्ध अभिलेख, म्हणजे कार्यालयातले कागद आणि नोंदी, देणं बसतं. म्हणून मागा: ‘या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती.’ महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, मुदत तिच्यावरूनच सिद्ध होते.

३० दिवसांत उत्तर नाही म्हणजे कायद्याने नकारच. पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे पहिलं अपील ऐकणाऱ्या वरिष्ठाकडे, अपील करा. तिथेही दाद न मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. विनाकारण टाळाटाळ केल्यास आयोग अर्जाला उत्तर देणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करतो.