किल्ली घरातच राहिली

८ जुलै २०२२ रोजी पहाटे चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या तीन राउटरांच्या, म्हणजे माहितीला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रांच्या, सेटिंगमध्ये एक बदल करण्यात आला. दोनच मिनिटांत कंपनीच्या जाळ्याचा गाभा कोसळू लागला आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचे मोबाइल, घरचे इंटरनेट व लँडलाइन बंद पडले. बँकखात्यातून पैसे देण्याची ‘इंटरॅक’ ही देशव्यापी यंत्रणा याच जाळ्यावर विसंबून असल्याने, रॉजर्सशी काहीही संबंध नसलेली माणसेही दुकानांच्या गल्ल्यांवर खोळंबली. केबल कुठेही तुटली नव्हती आणि कोणी हल्लाही केला नव्हता.

इंटरनेट हे एक जाळे नसून हजारो स्वतंत्र जाळ्यांची बांधणी आहे. ‘अमुक पत्त्यांकडे माझ्यामार्फत जाता येते’ अशी वर्दी ही जाळी एकमेकांना सतत देत असतात आणि या देवघेवीच्या नियमांना बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी, म्हणतात. अशा वर्द्यांमधून तयार होणाऱ्या जगभरच्या मार्गांच्या यादीत २०२२ साली नऊ लाखांहून अधिक नोंदी होत्या. ही संपूर्ण यादी प्रत्येक राउटरने बाळगण्याची गरज नसते. टपालाची वर्गवारी करणाऱ्याला पुढच्या थैलीपुरते ठाऊक असले तरी पत्र पोहोचते, तसेच गाभ्यातल्या राउटरांना मोजकेच मार्ग माहीत असले तरी पुरते. म्हणून बाहेरून येणाऱ्या मार्गांना वाटेत एक चाळणी लावलेली असते.

त्या पहाटे ही चाळणीच काढली गेली. मार्गांचा लोंढा गाभ्यात शिरला, तिथल्या राउटरांची स्मृती आणि गणनशक्ती अपुरी पडली आणि एकामागून एक राउटर बंद पडत गेले. ठरावीक संख्येपेक्षा अधिक मार्ग आले तर ते नाकारण्याची मर्यादा या राउटरांवर घालता आली असती. ती घातलेली नव्हती.

चूक मानवी होती, पण मला तिच्या आधीची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हे काम सात टप्प्यांचे होते आणि त्यातला हा सहावा टप्पा होता. आरंभी कामाचा धोका ‘उच्च’ मानला गेला होता. मात्र आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे धोका मोजणाऱ्या प्रणालीने तो ‘कमी’ ठरवला आणि त्याबरोबर तपासणीची कडक चौकटही सैल झाली. आधीच्या पाच नद्या पायी ओलांडता आल्या, म्हणून सहावीचे पाणीही गुडघ्याएवढेच असेल, असे मानण्यासारखे हे झाले.

खरी अडचण तर पुढेच होती. राउटरांपर्यंत दुरून पोहोचण्यासाठी अभियंते ज्या व्यवस्थापन-जाळ्याचा वापर करीत, तेही याच गाभ्यातून जात होते. दार ओढले गेले, लॅच लागला आणि किल्ली आतच राहिली, अशी त्यांची गत झाली. बिघाडाच्या नोंदी पाहता येईनात. एकमेकांशी बोलावे तर कर्मचाऱ्यांचे फोनही रॉजर्सचेच! अखेर दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डे मिळवून संपर्क सुरू करावा लागला. कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने नेमलेल्या झोना पार्टनर्स या सल्लागार संस्थेच्या अहवालानुसार मूळ कारण सापडायलाच सुमारे चौदा तास लागले.

सर्वांत विचित्र अवस्था ९११ या आपत्कालीन क्रमांकाची झाली. आपल्या कंपनीचा टॉवर सापडला नाही, तर फोन आपत्कालीन कॉलसाठी हाती लागेल त्या कंपनीचा टॉवर धरतो. परंतु रॉजर्सचे टॉवर जिवंत होते आणि त्यांच्या लहरी फोनपर्यंत नेहमीसारख्याच पोहोचत होत्या. मेला होता तो त्यांच्यामागचा गाभा. फोनला मात्र आपले घर शाबूत दिसत होते, त्यामुळे तो दुसरीकडे वळेना आणि अनेकांचे कॉल लागेनात. टॉवरही पूर्ण बंद पडले असते, तर हे कॉल कदाचित लागले असते. अर्धवट जिवंत राहिलेली यंत्रणा पूर्ण बंद पडलेल्या यंत्रणेपेक्षा अधिक घातक ठरू शकते, ही गोष्ट जाळ्यांची आखणी करणारे सहज विसरतात.

सेवा परत येण्यास एक दिवसाहून अधिक काळ गेला. त्यानंतर काही दिवसांतच तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख बदलले गेले आणि सप्टेंबरमध्ये देशातील दूरसंचार कंपन्यांनी अशा प्रसंगी एकमेकींना साहाय्य करण्याचा करार केला. मोबाइल आणि तारेच्या सेवा एकाच गाभ्यावर असल्यामुळे दोन्ही एकदम कोसळल्या होत्या, म्हणून त्यांचे गाभे वेगळे करण्याचे खर्चिक काम कंपनीने हाती घेतले. व्यवस्थापनाचे जाळेही गाभ्यापासून स्वतंत्र करण्यात आले.