बेटावरचा श्वास आणि आखाजीचा झोका

जळगाव-भुसावळच्या माणसाला बेटावरच्या योगशिबिराची जाहिरात भुरळ घालते ती बहुधा एप्रिल-मेमध्ये. बाहेर पारा ४४च्या पुढे, दुपारी रस्ते ओस, घरात कूलरची घरघर, आणि मोबाइलवर निळं पाणी, लाकडी फळ्यांचा डेक, त्यावर ओळीने अंथरलेल्या चटया. अंदमान, श्रीलंका, बाली, थायलंडचं को फांगन; नावं बदलतात, चित्र तेच. तिथे आठवडाभर राहून आलेली माणसं ‘खूप बरं वाटलं’ म्हणतात, आणि ते खोटं नसतं. पण बरं वाटलं ते योगाने, बेटाने की नुसत्या रजेने?

हे प्रयोगाने तपासता येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९४ स्त्रिया कॅलिफोर्नियातल्या एका रिसॉर्टवर सहा दिवस राहिल्या. त्यांतल्या ६४ जणींना ध्यानाची सवय नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले: एकाने ध्यान-योगाचं शिबिर केलं, दुसऱ्याने त्याच जागी निव्वळ सुट्टी घालवली. उरलेल्या ३० जणी मुरलेल्या साधक होत्या. सहा दिवसांनी तिन्ही गटांना बरं वाटत होतं. ताण आणि रोगप्रतिकाराशी निगडित जनुकांच्या कामातही तिन्ही गटांत मोठे बदल सारखेच दिसले. महिन्यानंतरही सगळ्या तरतरीत. फरक उघड झाला दहा महिन्यांनी: नव्याने ध्यान शिकलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं सुट्टीवाल्यांपेक्षा कमी राहिली होती. म्हणजे पहिल्या आठवड्याचं श्रेय बरंचसं सुट्टीचं. योगाचा हिशोब घरी आल्यावर सुरू होतो.

योगाकडे असं मोजमाप घेऊन पाहणाऱ्यांत एक नाव खान्देशाशी जोडलेलं आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, लोणावळ्याला जाण्याआधी अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था काढली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची योगक्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं. बेटाकडेही त्याच नजरेने पाहायला हरकत नाही.

आधी हवा. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, कोरड्या मातीला साधारण ०.८. शिवाय समुद्रात ऊन खोलवर जातं आणि लाटा ते ढवळून वाटून टाकतात. त्यामुळे अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) दिवस-रात्रीच्या तापमानात सात-आठ अंशांचाच फरक पडतो. जळगावात एप्रिलमध्ये तो पंधराच्याही वर जातो.

म्हणून बेट म्हणजे थंडावा, ही समजूत मात्र अर्धीच खरी. आपला कूलर आठवा. ताट्यांवर पाणी पडतं, कोरडी हवा ते ओढून घेते, वाफ होताना पाणी उष्णता घेतं आणि झोत गार लागतो. घामाचं कामही हेच. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला, तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. आता थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि वारा घाला. पारा जिथे थांबेल, तिथवरच पाण्याच्या जोरावर गार होता येतं. जळगावात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हे ओलं तापमान साधारण २२ येतं. बेटावर ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना ते २८! म्हणून तिथे कूलर कुचकामी, आणि घाम टपटप गळतो पण वाळत नाही. गळलेला घाम फुकट गेला. आपल्याकडे फसगत उलटी: घाम दिसायच्या आत उडतो, माणसाला वाटतं आपल्याला घामच आला नाही, आणि लघवी गडद पिवळी झाली की मग पाणी आठवतं.

हाच माणूस बेटावर सकाळी अकराला सूर्यनमस्कार घालायला लागला की घात होतो. हवा ३१चीच आहे, आपण तर ४४ सोसतो, हा त्याचा हिशोब. पण अंगातली उष्णता बाहेर पडायची वाट बंद असते. मळमळ, डोकं जड होणं, पिंडऱ्यांत गोळे येणं ही पहिली चिन्हं. जोराची आसनं आठच्या आत आटोपावीत, वारा वाहतो तिथेच करावीत, आणि पहिले तीन-चार दिवस आवर्तनं निम्मी ठेवावीत; अंगाला दमट हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. काही शिबिरांत ‘शुद्धी’ म्हणून दिवसभर नुसतं पाणी पाजतात. घामावाटे मीठ जात असताना नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तीही डोकेदुखी, तीही मळमळच. त्यावर आणखी पाणी पाजलं जातं! एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा) हे प्रमाण पाठ असलेलं बरं.

वाळूवरची आसनं फोटोत छान दिसतात, मनगटाला तितकी छान नसतात. हातांवर भार घेतला की तळव्याची टाच वाळूत रुतते, बोटं वर राहतात, आणि मनगट ९० अंशांपेक्षा जास्त मागे वाकतं. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू त्यातल्या त्यात बरी. कोरड्या वाळूत करायचंच असेल, तर तळव्याच्या टाचेखाली टॉवेलची घडी द्यावी. किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणून एका पायावरची आसनं डेकवर.

आता झोप. नव्या जागी पहिल्या रात्री ती नीट लागत नाही, याचं कारण २०१६च्या दुसऱ्या एका प्रयोगात सापडलं: अनोळखी ठिकाणी पहिल्या गाढ झोपेत मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा सावध राहतो, पहाऱ्यावर बसल्यासारखा. दोन-तीन दिवसांच्या शिबिराचा अर्धा फायदा या पहाऱ्यातच जातो. आठवडाभर राहिलं तर मात्र उजेड आपलं काम करतो. अंदमानात घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. पण जळगाव ७५.६ अंश पूर्व रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर ९२.७वर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे साधारण ६८ मिनिटं आधी माथ्यावर येतो. उजाडतंही तासभर आधी. डिसेंबरात त्याहून लवकर, जूनमध्ये फरक थोडा कमी. म्हणजे ‘बेटावर मला पाचलाच आपोआप जाग येते’ यात साधनेपेक्षा रेखांशाचा वाटा मोठा. २०१३ साली अमेरिकेत आठ जणांना आठवडाभर विजेच्या दिव्यांविना तंबूत ठेवलं, तेव्हा त्यांच्या शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक स्रवायची वेळ सुमारे दोन तास अलीकडे आली. धाब्याच्या घरावर उघड्यावर झोपणाऱ्या आपल्या आज्यांना हा प्रयोग करावा लागला नसता.

बेटाची खरी मौज आहे लाटेत. दूरवरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा किनाऱ्यावर साधारण दर दहा ते चौदा सेकंदांनी येतात. स्थानिक वाऱ्याच्या लाटा चटपटीत, तीन ते पाच सेकंदांच्या. आता शरीर पाहा. रक्तदाब स्वतःला सावरताना हेलकावे खातो, आणि एका हेलकाव्याला सुमारे दहा सेकंद लागतात. श्वास घेताना नाडी किंचित वेगावते, सोडताना मंदावते. हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं. आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, त्यामुळे एरवी हे दोन हेलकावे आपापल्या तालात चालतात. श्वास मिनिटाला सहावर आणला, की दोघांचा ताल जुळतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निंबाच्या फांदीला बांधलेला झोका ज्याने दिला आहे, त्याला पुढचं सांगायला नको. झोक्याला स्वतःची लय असते. अवेळी ढकललं तर तो लटपटतो. मागे येऊन परत फिरताना हलका हात लावला तरी उंच जातो. मिनिटाला सहाचा श्वास हा तो वेळेवर लावलेला हात. नाडीचे चढउतार मोठे होतात आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तल्लख होते. २००१ साली इटलीत लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’चा जप करताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येतो. प्रार्थना वेगळ्या, लांबी तीच. लांब लाटेजवळ बसलेला माणूस नकळत तिच्या तालावर श्वास सोडू लागला तर नवल नाही. पण प्रवाळाच्या आडोशाला शांत पाणी असेल, तर ती लाट मिळतच नाही. ‘शांत निळं पाणी’ असं जाहिरातीत लिहितात, ते या हिशोबाने तोट्याचं.

यात हमखास होणारी चूक म्हणजे छाती फुगवून श्वास घेणं. साधा श्वास अर्ध्या लिटरचा. त्यातले सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकांतच राहतात, फुप्फुसांच्या कामाला येतात ३५०. मिनिटाला बारा श्वास म्हणजे ४.२ लिटर. तेवढीच हवा सहा श्वासांत हवी असेल, तर एका श्वासाला ८५० मिलिलिटर पुरे होतात. लोक मात्र ‘दीर्घ श्वसन’ म्हटलं की दोन-तीन लिटर ओढतात. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांची टोकं आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. कुणी सांगतं, ‘ही ऊर्जा जागी होतेय.’ ती ऊर्जा नव्हे, मोजणी चुकली.

समुद्राच्या हवेतल्या ऋण आयनांची, म्हणजे ऋण प्रभार असलेल्या सूक्ष्म कणांची, चर्चाही फार असते. पाण्याचे थेंब फुटताना हवेत ऋण प्रभार जातो, हे फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्येच नोंदवलं होतं, तेवढं खरं. त्याने चिंता कमी होते किंवा झोप सुधारते, याला मात्र अभ्यासांचा पक्का आधार मिळालेला नाही. आणि बालीतलं योगाचं सगळ्यात गजबजलेलं गाव उबुद, ते तर बेटाच्या आतल्या भागात, भातखाचरांमध्ये आहे. तिथून समुद्र दिसत नाही, तरी लोक जातात. बेट आणि योग ही जोडी तशी जुनीच: बहामाजच्या पॅरडाइज आयलंडवर योगगुरू स्वामी विष्णुदेवानंदांनी १९६७ साली आश्रम सुरू केला. पाण्यापलीकडे गेलं की रोजची खूण दिसत नाही, एवढाच बेटाचा पक्का गुण: ना दुकानाचं शटर, ना ऑफिसची पायरी, ना वेळीअवेळी येणारे पाहुणे. सवयी अशा खुणांवर जगतात.

हे सगळं खान्देशात मांडायचं, तर उन्हाळ्यात सातपुड्यातलं तोरणमाळ. नंदुरबारपेक्षा ते जवळजवळ नऊशे मीटर उंच, म्हणजे हवा साधारण सहा अंशांनी उतरलेली आणि तरी कोरडी. यशवंत तलावाच्या काठी सकाळी घाम वाळतो. हिवाळ्यात चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूर धरणाचं फुगलेलं पाणी आहे. पक्षी येतात ते दिवस सगळ्यात चांगले. घरची गच्ची मे महिन्यात संध्याकाळी नको, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो. पहाटे साडेपाच ते साडेसहा हीच तिची वेळ.

पाठ ताठ, खांदे सैल, श्वास नाकानेच. चार सेकंद आत, सहा बाहेर; पोट हलेल, छाती फारशी नाही. पाच मिनिटांत तीस श्वास होतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर श्वास रोखून धरू नये. मुंग्या आल्या तर वेग तोच ठेवून श्वास उथळ करावा, दोन मिनिटांत उतरतात. तोरणमाळच्या तलावाला लाट नसते, त्यामुळे पहिले काही दिवस सेकंदकाट्याचं घड्याळ समोर लागतं.