खासगी आस्थापनांतील स्वच्छतागृहांचा सार्वजनिक वापर

उपाहारगृह, दुकान, पेट्रोल पंप अशा खासगी आस्थापनांतील स्वच्छतागृह ग्राहक नसलेल्यांनाही वापरू देण्याची पद्धत. वृद्ध, गर्भवती आणि आतड्यांचे विकार असलेल्यांप्रमाणेच लहान मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या कुटुंबांना तिची फार निकड असते. मुलाच्या वयात दोन मिळवून येणाऱ्या संख्येला ३० ने गुणले, की त्याच्या मूत्राशयाची क्षमता ढोबळमानाने मिलिलिटरमध्ये कळते. चार वर्षांच्या मुलाची ती सुमारे १८० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर असते. त्यातच खेळात किंवा खरेदीच्या गडबडीत रमलेले मूल ‘शू लागली’ हे अगदी शेवटच्या क्षणी सांगते, आणि मग पुढच्या चौकापर्यंत जाण्याइतकीही सवड उरत नाही.

भारतात कोणत्याही हॉटेलातील स्वच्छतागृह फुकट वापरण्याचा हक्क १८६७ च्या सराई कायद्याने दिला आहे, असा संदेश वरचेवर फिरत असतो. प्रत्यक्षात हा कायदा प्रवाशांच्या मुक्कामाच्या सराईंची नोंदणी, साफसफाई आणि राखण यांविषयीचा असून, वाटसरूला शौचालय खुले ठेवण्याची तरतूद त्यात नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर गल्ल्यावर हुज्जत घालणाऱ्या पालकाची बाजू लंगडी पडते. पेट्रोल पंपांचे तसे नाही. तेथे विनाशुल्क स्वच्छतागृह ठेवणे तेल कंपन्यांच्या नियमावलीनुसार बंधनकारक आहे, मात्र ते ग्राहक नसलेल्यांनाही खुले असावे का, हा वाद २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयात गेला. दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने २०१७ मध्ये उपाहारगृहांची स्वच्छतागृहे सर्वांना खुली करण्याचे ठरवले आणि प्रत्येक वापरासाठी पाच रुपयांपर्यंत आकारणी करण्याची मुभा मालकांना दिली.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने एका मुलीला दुकानात शौचालय नाकारले गेल्यानंतर २००५ मध्ये कायदा केला. पण तो विशिष्ट आजार असलेल्या ग्राहकांपुरता आहे, निरोगी मुलाच्या तातडीला त्यात जागा नाही. जर्मनीतील आलेन शहरात सुरू झालेली व्यवस्था अधिक समंजस म्हणावी लागेल. तेथे नगरपालिका सहभागी उपाहारगृहांना साफसफाईच्या खर्चापोटी ठरावीक रक्कम देते आणि दारावरचे स्टिकर पाहून कोणीही निःसंकोच आत जातो. मालकाचे पाणी, साबण आणि सफाईची मजुरी हा खरा खर्च आहे, आणि तो कोणी उचलायचा हे ठरवल्याशिवाय नुसत्या आदेशाने दार उघडे राहत नाही.

दार उघडले तरी अडचण संपतेच असे नाही. बाळाचा लंगोट बदलण्याची फळी असलीच तर बहुधा स्त्रियांच्या बाजूला असते. नसली, तर आई हातधुणीच्या ओट्यावर ओढणी पसरून बाळाला निजवते. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला बाप ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ या दोन पाट्यांमध्ये थबकतो आणि बहुतेकदा आत निघालेल्या एखाद्या अनोळखी बाईला, ‘ताई, हिला जरा सोबत नेता का?’ असे विचारून दाराशी थांबतो.