लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचे पाणी आणि पेये

वजन घटवण्यासाठी केलेल्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर पाणी व इतर पेये किती, केव्हा आणि कशी घ्यावीत यासंबंधीचे पथ्य. तिच्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. गॅस्ट्रिक बायपास या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलीची पिशवी वापरात राहते आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उन्हातून आल्यावर तांब्या तोंडाला लावणाऱ्या माणसाला त्यानंतर फुलपात्रभर पाणीही एका दमात जात नाही. शरीराची गरज मात्र कमी होत नाही. बहुतेकांना दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावा असे सांगितले जाते.

ही गरज भागते ती घोटाघोटाने. जागेपणाच्या १५ तासांत दीड लिटर म्हणजे ताशी १०० मिली. दर पाच-सहा मिनिटांनी दोन लहान चमचे. पहिल्या दिवसांत औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण हेच भांडे होते. तहान लागण्याची वाट पाहणारा इथे हमखास मागे पडतो, कारण राहिलेली तूट रात्री एकदम भरून काढता येत नाही. घाईने प्यायल्यास छातीत दाटते, मळमळते, उलटी होते. पहिले एक-दोन दिवस पाणी, वरणाचे गाळलेले पाणी अशी निवळ पेये आणि पुढे साधारण दोन आठवडे ताक, साय काढलेले दूध, मुगाचे कढण असा क्रम असतो. नेमके वेळापत्रक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतात.

मराठी घरात सर्वांत जड जाते ते जेवताना पाणी न पिणे. पान मांडताना पाण्याचे भांडे आधी येते, आणि नेमके तेच दूर ठेवायचे असते. घास आणि पाणी यांना एकत्र मावेल इतकी जागा उरलेली नसते, शिवाय पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकून पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबण्याचा नियम म्हणूनच सर्वत्र सांगतात.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो, आणि कोरड्या हवेत घाम चटकन सुकत असल्याने किती पाणी गेले ते कळत नाही. शहराची आवडती थंड पेये या रुग्णांच्या मात्र कामाची नाहीत. उसाचा रस, मस्तानी, पीयूष यांतली साखर, विशेषतः बायपासनंतर, वेगाने लहान आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब सुरू होऊ शकतात. यालाच डम्पिंग म्हणतात. काहींची रक्तशर्करा एक ते तीन तासांनी घसरते. पातळ ताक किंवा बिनसाखरेचे कोकम पाणी बरे. अमृततुल्यातला चहा कॅफीनपेक्षा साखरेमुळे टाळावा. आग्रह करणाऱ्या यजमानांना हे पटवणे हे एक वेगळेच पथ्य आहे.

सोडा व कोल्ड्रिंकमधला वायू लहान जठरात कोंडतो, म्हणून ती बंद. स्ट्रॉवरची बंदी अनेक ठिकाणी सांगतात, पण तिला पुरावा तोकडाच आहे. मद्याचे तसे नाही: बायपासनंतर ते रक्तात लवकर व जास्त चढते, आणि पुढे व्यसन जडण्याचा धोकाही वाढलेला दिसतो.

लघवी गडद व कमी होणे, उभे राहताच भोवळ येणे, तोंड कोरडे पडणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे. दिवसभर पाणीही टिकत नसेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उलट्या लांबल्या तर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. अशा वेळी ते ग्लुकोजच्या सलाइनआधी देतात. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्यांचा डोसही शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांकडून तपासून घ्यावा लागतो. बायपासनंतर लघवीत ऑक्झलेट हा खडे बनवणारा क्षार वाढतो. त्यात पाणी कमी पडले की मूतखड्याची शक्यता बळावते.