कंब्रिया : सात कौन्सिलांच्या दोन कशा झाल्या

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकमचा उथळ उपसागर आहे. ओहोटी लागली की मैलोनमैल ओली वाळू उघडी पडते. रेल्वे येण्याआधी लँकेशरमधून उपसागरापलीकडच्या फर्नेस या भागात जायची जवळची वाट या वाळूवरूनच होती. पाय रुतवणारी वाळू, धावत येणारी भरती; म्हणून राजाने नेमलेला वाटाड्या असे. ते पद आजही आहे. फर्नेस होतं लँकेशर काउंटीतलंच (काउंटी म्हणजे कारभाराचा मोठा विभाग), पण जमिनीने जायचं तर शेजारची वेस्टमोरलँड काउंटी ओलांडावी लागे. लोक त्याला ‘वाळूपलीकडचं लँकेशर’ म्हणत. कंब्रियाच्या सीमांचं कोडं या वाळूपासूनच सुरू होतं.

१८८८च्या कायद्याने काउंटीचा कारभार पाहणारी निवडून आलेली मंडळं, म्हणजे काउंटी कौन्सिलं आली, तेव्हा कंबरलँड आणि वेस्टमोरलँड या दोन स्वतंत्र काउंट्या होत्या. १९७२च्या कायद्याने ही घडी मोडली. १ एप्रिल १९७४ला या दोन्ही काउंट्या, फर्नेस आणि यॉर्कशरमधला सेडबरचा भाग एकत्र करून कंब्रिया काउंटी झाली. नकाशावर ती सुटसुटीत दिसली, पण लोकांना आपल्या काउंटीचं नाव गेल्याचं लागलं. वेस्टमोरलँडचं जुनं मुख्य ठिकाण असलेल्या ॲपलबी या छोट्या गावाने त्याच सुमारास ‘ॲपलबी-इन-वेस्टमोरलँड’ असं नाव घेतलं. काउंटी गेली तरी तिचं नाव गावाच्या पाटीवर राहिलं. मला या सगळ्या इतिहासात ही पाटी सर्वांत बोलकी वाटते.

नवी रचना दोन थरांची होती. वर काउंटी कौन्सिल, खाली सहा डिस्ट्रिक्ट कौन्सिलं : कार्लाइल, आलरडेल, कोपलँड, ईडन, साउथ लेकलँड आणि बॅरो. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल काउंटीकडे. घरबांधणीचे परवाने डिस्ट्रिक्टकडे. दारातला कचरा डिस्ट्रिक्टने उचलायचा आणि त्याची विल्हेवाट काउंटीने लावायची. कुठल्या तक्रारीसाठी कोणाचं दार ठोठवायचं, हे सामान्य माणसाला कळणं अवघडच होतं.

२००७मध्ये काउंटी कौन्सिलने सगळ्यांचं मिळून एकच कौन्सिल करण्याचा प्रस्ताव दिला; सरकारने तो फेटाळला. ऑक्टोबर २०२०मध्ये सरकारनेच कंब्रिया, नॉर्थ यॉर्कशर आणि सॉमरसेटकडून प्रस्ताव मागवले. कंब्रियातून चार आले. काउंटीला पुन्हा एकच कौन्सिल हवं होतं. कार्लाइल आणि ईडनने उत्तर-दक्षिण विभागणी सुचवली, आलरडेल आणि कोपलँडने पूर्व-पश्चिम. बॅरो आणि साउथ लेकलँडने मात्र शेजारच्या लँकेशरमधल्या लँकेस्टरला सोबत घेऊन उपसागराभोवतीचं एक कौन्सिल मांडलं. माझ्या मते लोकांच्या रोजच्या जगण्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रस्ताव हाच होता. बॅरो, लँकेस्टर आणि साउथ लेकलँडमधल्या केंडलची रुग्णालयं आधीपासून एकाच सरकारी आरोग्य ट्रस्टखाली आहेत, तर बॅरोहून कार्लाइलला मोटारीने जायला जवळजवळ दोन तास लागतात.

जुलै २०२१मध्ये सरकारने पूर्व-पश्चिम विभागणी निवडली. इतर दोन काउंट्यांना मात्र एकेकच कौन्सिल मिळालं. कंब्रिया काउंटी कौन्सिल या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेलं. तिथे डाळ शिजली नाही. मे २०२२मध्ये नव्या कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या आणि १ एप्रिल २०२३ला जुनी सातही कौन्सिलं संपली. पश्चिमेला कार्लाइल, आलरडेल आणि कोपलँड मिळून ‘कंबरलँड’ झालं. उरलेल्या तीन डिस्ट्रिक्टांचं ‘वेस्टमोरलँड अँड फर्नेस’. समारंभापुरती कंब्रिया काउंटी अजून आहे.

एकोणपन्नास वर्षांनी जुनी नावं कारभारात परतली खरी, पण जुन्या रेषांवर नाही. पेनरिथ हे शतकानुशतकं कंबरलँडचं गाव. १९७४ला ते ईडन डिस्ट्रिक्टमध्ये गेलं आणि ईडनबरोबर आता वेस्टमोरलँड अँड फर्नेसमध्ये आलं आहे. कंबरलँड नावाचं कौन्सिल पुन्हा उभं राहिलं, तेव्हा पेनरिथ त्याच्या हद्दीबाहेर होतं.